रिकामा वाटला म्हणून

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे ते लिहायची इच्छा होईलच असं नाही. तो ओरडत नाही, खोटं बोलत नाही, शनिवारी सगळ्या घराचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवतो. त्याला एकच खोड आहे. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि क्षणभर विचार करायला थांबले, की तो मागून येतो आणि म्हणतो, "सरक जरा, मी करतो."

या "सरक जरा"वर मी अकरा वर्षं काढली. मुलीच्या शाळेचा फॉर्म, आईला पाठवायचे फोटो, माझ्या स्वतःच्या लायसन्सचं बुकिंगसुद्धा. मी उठायची, तो बसायचा, बोटं टकटक चालायची आणि दोन मिनिटांत तो म्हणायचा, "झालं बघ." काय झालं आणि कसं झालं हे मला कधी कळलं नाही. तो आयटीवाला, व्हिसा त्याच्या नावावर, आणि त्या कागदावर खाली बायको म्हणून मी. विमानतळावर उतरले तेव्हापासून मी त्याच्या कामाला जोडलेली होते.

आधी आम्ही सिडनीत, क्वेकर्स हिलला होतो. तिथे शेजारपाजारी मराठी बोलायला कोणीतरी होतं, कुठे जायचं तर ट्रेन होती. मग त्याला घरून करायची नोकरी मिळाली आणि मोठ्या घरासाठी आम्ही टूवूंबाला आलो. इथे गाडीशिवाय पान हलत नाही. बस येते तेव्हा येते. मी लायसन्स काढलं, तिसऱ्या खेपेला पास झाले. तोपर्यंत माझी कृषीची पदवी आणि वनस्पतींच्या रोगांवरची एम.एस्सी. पासपोर्टांच्या पिशवीत, सगळ्यांत खाली, प्लास्टिकमध्ये पडून होती.

टूवूंबाच्या पश्चिमेला गाडी काढली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. लाल कणसांची, कमरेएवढी, नजर पोचेल तिथपर्यंत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गाडी कडेला घेऊन रडले होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे ती गुरांना घालतात. माणसं खातात म्हटलं तर समोरचा हसतो, मग आपण मस्करी केली असं समजून "गुड वन" म्हणतो. असो.

तर त्या ज्वारीनेच मला काम मिळवून दिलं. गावाबाहेर एक प्रयोगशाळा आहे, पिकांच्या रोगांवर काम करणारी. त्यांना ज्वारीच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणारा माणूस हवा होता. तीन महिन्यांचं कॅज्युअल काम, आठवड्यातून दोन दिवस. शेवटच्या शुक्रवारी काम पाहून ठरणार, पूर्ण हंगामासाठी ठेवायचं की नारळ द्यायचा. मुलाखतीत तिथल्या मुख्य बाईंनी दोन फोटो समोर ठेवले. एकावर तांबेरा होता, दुसऱ्यावर करपा. मी सांगितलं, आणि का ते पण सांगितलं: तांबेऱ्याचे फोड बारीक आणि उठलेले, बोट फिरवलं तर विटेसारखी पूड लागते, करप्याचे डाग लांबट, दोन्ही टोकांना निमुळते. बाई साठीच्या, शेतावर वाढलेल्या, पायात मातीचे बूट. त्या म्हणाल्या, "यू'ल डू, मेट." अकरा वर्षांत कोणी मला पुरेशी आहेस असं म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी मला कॉम्प्युटर दाखवला. काळी खिडकी. त्यात एक लुकलुकणारी उभी रेघ. चित्र नाही, बटण नाही, माउसला काही अर्थ नाही. त्यांचं सगळं काम अशाच मशीनवर चालतं, हजारो फोटो एकेक करून ओढत बसलं तर जन्म जाईल म्हणून. बाईंनी मला एक छापील कागद दिला. त्यावर आठ कमांड होत्या, आणि आठवीवर पेनाने काट मारलेली होती.

pwd म्हणजे तू आत्ता कुठे आहेस. ls म्हणजे इथे काय काय आहे. cd म्हणजे आत जा किंवा बाहेर ये. mkdir म्हणजे नवा फोल्डर कर. cp म्हणजे नक्कल, mv म्हणजे जागा बदलणं. rmdir म्हणजे रिकामा फोल्डर काढून टाकणं, आणि आत एक जरी फाइल असली तर ती सरळ नकार देते. बाई म्हणाल्या, "ही शहाणी आहे." काट मारलेली होती ती rm. ती शहाणी नाही. ती भरलेलं, रिकामं, काहीही काढते, आणि काढलेलं कचरापेटीत जात नाही, गेलं ते गेलं. "ही सगळ्यांत शेवटी शिकवीन," बाई म्हणाल्या, "आणि काहीही काढण्याआधी ls. नेहमी. डोळ्यांनी बघायचं, मगच हात लावायचा."

घरी नवऱ्याचा एक जुना लॅपटॉप होता. "तुला हा पुरेल," असं म्हणून त्याने तो मला दिला होता, पासवर्डही त्यानेच घालून. त्यावर तीच काळी खिडकी उघडायची. मी सकाळी मुलगी शाळेत गेली की बसायची. सरावासाठी अख्खं स्वयंपाकघर बांधलं. mkdir fadtal. cd fadtal. mkdir dabe. चहाची फाइल, साखरेची फाइल, डब्यातून काढून फडताळावर, फडताळावरून परत डब्यात. एकदा चहा आणि साखर दोन्हींना एकच नाव देऊन mv केलं तर साखर गायब. न विचारता एकीवर दुसरी चढली. त्या दिवसापासून mv च्या पुढे -i लिहायला शिकले, म्हणजे ती आधी विचारते. मुलगी बारा वर्षांची आहे, मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. एकदा शाळेतून आल्यावर माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "आई, यू नो देअर इज अ माउस, राइट?"

मी म्हटलं, "माहितीये. तू दप्तर उचल."

टेम्प, ओल्ड, टेस्ट असे सरावाचे फोल्डर साठले. पण खरं काम मिळालं त्या दिवशी मी जो पहिला फोल्डर केला त्याचं नाव दिलं shri. दुसरं काय देणार? नवी वही आणली की पहिल्या पानाच्या डोक्यावर श्री, मग एक ओळ रिकामी, मग तारीख. ते न लिहिता शाईचा एक थेंबही सांडायचा नाही, हे हाताला लागलेलं वळण आहे. पहिली लेबलं त्यात टाकली आणि मग सगळंच त्यात जात राहिलं. एकदा लॅपटॉप प्रयोगशाळेत नेला होता तेव्हा बाईंनी विचारलं, हे काय नाव? मी म्हटलं, आम्ही अशी सुरुवात करतो. त्यांनी लगेच तो उघडून पाहिला, आत काय आहे ते. मला आवडलं ते.

नऊशे चाळीस फोटो होते. प्रत्येकासाठी एक लेबल, म्हणजे एक छोटी फाइल: कोणता रोग, पानाचा किती भाग गेला, मला किती खात्री आहे. शंका असेल तिथे मराठीत टिपण. मूळ फोटो प्रयोगशाळेच्या मशीनवर सुरक्षित होते, मी घरून त्यांच्या नकला बघायची. लेबलं फक्त माझ्या लॅपटॉपवर. दर शुक्रवारी ती तिकडे पाठवायची असं ठरलं होतं, आणि मी पाठवली नाहीत. हा माझा गुन्हा, तो मी लपवत नाही. ती पाठवायची कमांड कागदावर नव्हती. बाईंनी एकदा दाखवली, मी लिहून घेतली आणि कुठेतरी चुकीची लिहून घेतली. दर शुक्रवारी ती मला नाही म्हणायची. बाईंना पुन्हा विचारायची लाज वाटली. आणि दुसऱ्या खोलीत, वीस पावलांवर, ती कमांड झोपेत लिहील असा माणूस बसला होता, आणि मी त्याला विचारलं नाही, कारण विचारलं की तो म्हणणार, "सरक जरा." मी स्वतःला सांगितलं, सगळं पूर्ण करू, एकदा तपासू, शेवटच्या आठवड्यात एकदम देऊ.

शेवटच्या शुक्रवारच्या आधीचा शनिवार. मुलीचा नेटबॉल होता, मी तिला घेऊन गेले. आदल्या दिवशी जेवताना मी सहज म्हणाले होते की लॅपटॉप फार हळू चालतो. दुपारी परत आले तर नवरा जेवणाच्या टेबलावर माझ्या लॅपटॉपपुढे बसलेला. चेहऱ्यावर आनंद.

"घे. रॉकेट केलाय."

"काय केलंस?"

"क्लीन-अप. टेम्प, ओल्ड, टेस्ट, किती कचरा साठवून ठेवतेस गं! अपडेट्स पण मारले. दहा मिनिटांचं काम."

मी बूटसुद्धा न काढता बसले. ls केलं. यादी छोटी होती. छोटी आणि नीटनेटकी, त्याला आवडते तशी.

"श्री कुठे आहे?"

"कोण श्री?"

"श्री नावाचा फोल्डर होता."

"हां, तो! अगं, तो आपला वहीवरचा श्री ना? शुभारंभाचा. मला वाटलं रिकामाच असेल. काढून टाकला त्यांच्याबरोबर."

मी म्हणाले, "त्यात माझी सगळी लेबलं होती. नऊशे चाळीस."

त्याने पडद्यावरच्या यादीकडे पाहिलं. मग, देवाशप्पथ, तो म्हणाला, "बॅकअप नाही घेतलास?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी पुस्तकात वाचल्या होत्या, त्या दिवशी माझ्या टेबलावर ऐकल्या. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मुलगी नेटबॉलचा स्कर्ट घालून दारात उभी होती आणि पहिल्यांदाच तिने इंग्रजीत काही म्हटलं नाही.

तो म्हणाला, "शांत हो. रिकव्हर होईल बहुतेक. सरक जरा, मी..."

"हात लावलास तर बोटं मोडीन," मी म्हणाले.

रविवारी सकाळी तो सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. तो शेजारी उभा, हात पाठीमागे बांधून, माझ्या सांगण्यावरून. हाती काही लागलं नाही. अर्धे शब्द, तुटकी अक्षरं, "तांबे" एवढंच एका ठिकाणी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्या मारुतीचं एक शेपूटसुद्धा सापडेना. संध्याकाळी तो म्हणाला, "आपण तुला नवीन लॅपटॉप घेऊ." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मला खरा राग कशाचा आला ते त्या रात्रभर मी शोधत होते असं लिहिलं तर खोटं ठरेल. मला ते लगेच कळलं होतं. चूक होते. माझ्याही हातून साखर गेली होती. पण त्याने आपलं वाटणं हाच पुरावा मानला. त्याच्या जागी इथला कोणी गोरा माणूस असता, तर shri हा शब्द न कळल्यामुळे त्याने निदान आत डोकावून पाहिलं असतं, बाईंनी पाहिलं तसं. हा घरचा. याला श्री म्हणजे काय ते माहीत होतं, म्हणून बघायची गरज वाटली नाही. मलाही तो असाच ओळखतो. सगळं माहीत आहे, उघडून कशाला बघायचं.

सोमवारी मी गाडी काढली आणि प्रयोगशाळेत गेले. रस्त्यावर धुकं होतं, ज्वारी दिसत नव्हती. सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होते. माझ्या नवऱ्याने काढलं, हे वाक्य मला इंग्रजीत नीट येत होतं, मराठीतही येत होतं, पण तोंडातून निघेना. चाळिशी उलटलेली बाई, दोन पदव्या, आणि ती सांगणार की माझ्या नवऱ्याने माझं पाटी-दप्तर आवरलं! मी बाईंना म्हणाले, लेबलं गेली, माझ्याच हातून चुकून फोल्डर डिलीट झाला.

बाईंनी चहाचा मग खाली ठेवला. "कसा डिलीट झाला?"

"चुकीची कमांड दिली."

"कोणती?"

"rm," मी म्हणाले.

त्या माझ्या वहीतून डोकावणाऱ्या त्यांच्याच कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती मी तुला अजून शिकवलेली नाही. काट मारली होती."

माझा चेहरा तापला. खाली मातीचे बूट, वर त्यांचे निळे डोळे, मधे मी. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "पासवर्ड बदललास?"

"नाही."

"आज घरी गेल्यावर ते आधी कर." मग खुर्ची फिरवून त्यांनी पडद्यावर फोटोंचा फोल्डर उघडला. "शुक्रवार पुढे ढकलता येणार नाही, मला वर उत्तर द्यायचंय. पण फोटो आहेत, डोळे तुझेच आहेत, आणि तुला आता माहितीये काय शोधायचं. पहिल्यांदा शिकत होतीस. नो वरीज म्हणणार नाही, कारण वरी आहे. बघ जमतंय का."

एका परक्या बाईने मला खोटं बोलताना पकडलं, का ते ओळखलं आणि मला कामाला लावलं. हे सगळं तीन मिनिटांत. मी गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. राग आता स्वतःवर होता. कोणाची लाज राखायला मी खोटं बोलले? त्याची? की माझी, अकरा वर्षं उठून जागा दिल्याची?

घरी पोचले तर तो दारातच. मीटिंग सोडून आला होता म्हणे. पहिला प्रश्न, "माझं नाव नाही ना सांगितलंस?"

लेबलांचं काय झालं, नाही. नोकरी आहे का, नाही. मी त्याला हाताला धरून टेबलापाशी नेलं. खुर्चीवर मी बसले, तो उभा. काळी खिडकी उघडली आणि लिहिलं history. ही कमांड बाईंच्या कागदावर नव्हती, मी स्वतः शोधली होती, चुका परत बघायला. या खिडकीत जे जे टाइप होतं ते सगळं ती क्रमाने लिहून ठेवते. अडीच महिन्यांचं माझं सगळं खाली उतरत गेलं. ls. pwd. cd fadtal. चुकीची स्पेलिंग, मग बरोबर स्पेलिंग. cd shri. ls. cd shri. ls. ओळीमागून ओळ, शेकड्यांनी.

आणि शेवटाकडे एक ओळ: rm -rf temp old test shri.

"वाच," मी म्हणाले.

"वाचली."

"ही ओळ सोडली तर सगळ्या माझ्या आहेत. या सगळ्यांत मी एकदाही rm लिहिलेलं नाही. तू लिहिलंस. आणि पुढे -rf लावलंस, म्हणजे विचारू नको, थांबू नको, आत काय असेल ते असो. बरोबर?"

"अगं, सवयीने जातं ते. हात बसलाय."

"तुला तो रिकामा वाटला होता ना?"

"हो."

"मग rmdir का नाही केलंस? रिकामा असता तर गेला असता. नसता तर तिने तुला सांगितलं असतं, की नाही, रिकामा नाही. मला अडीच महिन्यांपूर्वी शिकवलं ते. तू पंधरा वर्षं हेच करतोस. तुझ्या कंपनीच्या सर्व्हरवर करशील असं? न बघता?"

तो म्हणाला, "नाही."

"का?"

उत्तर मीच दिलं. "कारण तिथे काम असतं. इथे काय, बायकोचा लॅपटॉप. श्री लिहून ठेवलंय भाबडीने, आत काय असणार!"

त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी," तो म्हणाला. आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण त्या सॉरीने माझं काहीएक शमलं नाही. मी त्याच्यासमोर पासवर्ड बदलला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, न सांगता. मग बाईंना चार ओळी लिहिल्या: मी सकाळी खरं सांगितलं नाही, फोल्डर माझ्या नवऱ्याने काढला, माझ्या कॉम्प्युटरवर, मला न विचारता, पासवर्ड बदलला आहे. पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. बाईंचं एका ओळीत उत्तर आलं: "गुड. नाउ लेबल्स."

मग मी mkdir shri केलं. तेच नाव. नावाची काही चूक नव्हती.

त्या आठवड्यात मी कोणाशी धड बोलले नाही. सकाळी बसायचे ते मुलगी शाळेतून येईपर्यंत. पहिल्यांदा एकेका फोटोवर पाच पाच मिनिटं घालवली होती, कमांड शोधत, चाचपडत. आता बोटं कमांडकडे न बघता चालत होती आणि डोळे पानाकडे होते. आधी सगळे फोटो शेतांच्या नावाने वेगळे केले, एका ओळीत शंभर शंभर, mv -i लावून. मग एकेक. तांबेरा, तांबेरा, करपा, शंका, तांबेरा. रागाचा एक उपयोग असतो, तो झोप येऊ देत नाही आणि चहाला उठू देत नाही. नवऱ्याने चार दिवस खिचडी केली. चारही दिवस मीठ कमी होतं, मी सांगितलं नाही, आणि मुलीने "आई, पापा'ज खिचडी इज माइल्ड" असं म्हटलं तेव्हा तिला मिठाची बरणी दाखवली. काही ठिकाणी मला माझीच आधीची टिपणं आठवली. काही ठिकाणी आताचं मत वेगळं पडलं, आणि मला कळलं की आधीचं चुकलं होतं. ते कळलं म्हणून नवऱ्याचे आभार मानावेत असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी ते स्वतः येऊन मानावेत.

गुरुवारी मी बाईंना फोन करून सरळ म्हटलं, ती पाठवायची कमांड मला येत नाही, मी चुकीची लिहून घेतली, पुन्हा सांगा. त्यांनी अक्षर न अक्षर सांगितलं. एक कोलन राहिला होता माझा. तेवढ्या एका कोलनसाठी मी सात शुक्रवार गप्प बसले होते. शुक्रवारी सकाळी लेबलं गेली, नऊशे चाळीस, मोजून. दुपारी बाईंचा फोन आला. हंगामभर ठेवतो आहोत, सोमवारपासून आठवड्याचे तीन दिवस, आणि सोमवारी rm शिकवीन.

मी टेबलावर डोकं टेकलं. मग उठून नवऱ्याच्या खोलीच्या दारात जाऊन सांगितलं. तो खुर्चीतून उठला, जवळ येणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला. "भारी," तो म्हणाला. "खरंच भारी." त्याला खरंच आनंद झाला होता, ते दिसत होतं. मला तेही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी सगळं पुन्हा एकदा बघत बसले होते. कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर तो दोन कप चहा घेऊन आला. एक माझ्यापुढे ठेवला. माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला, तशीच त्याची जुनी जागा. माझी पाठ ताठ झाली. पडद्यावर ls ची यादी होती. मी विचार करायला थांबले होते, क्षणभरापेक्षा जास्त.

तो म्हणाला, "श्रीमध्ये काय असतं?"

मला वाटायचं, याने कधी असं विचारलं तर माझा राग निवळेल. तसं काही झालं नाही. डोळे भरून आले ते रागानेच. एवढंच होतं तर. एवढंसं. दोन अक्षरं टाइप करायची, एंटर दाबायचं आणि बघायचं. हे त्याला पंधरा वर्षांपासून येत होतं, फक्त माझ्यापाशी येताना येत नव्हतं. अकरा वर्षं मी काय दार बंद करून बसले होते?

त्याने परत विचारलं नाही. सरक म्हणालाही नाही. चहाचा कप हातात धरून तो उत्तराची वाट बघत राहिला.

"खुर्ची घेऊन ये," मी म्हणाले. "तुझी वेगळी."

तो गेला आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आला.